एका निबंधाची चाळीस वर्षं

स्कॉलरशिप गेली, बदल्या झाल्या, टपाल फोडून वाचलं गेलं. तरी कॉलेजात पडलेला एक प्रश्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

सांताक्रूझ पूर्वेला उतरून वाकोल्यावरून कलिना कॅम्पसला जाणाऱ्या मुलांना ‘रानडे भवन’ हे नाव पाठ असतं. भाषांचे विभाग तिथे आहेत. लेक्चर कुठंय? रानडे भवनला. भेटायचं कुठे? रानडे भवनखाली. पुण्यातल्या मुलांचंही तेच. त्यांच्याकडे फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूट आहे. नाव रोज तोंडात असलं की त्यामागे कुणी माणूस होता हे विसरायला होतं. शाळेच्या पुस्तकातून आठवतं ते एवढंच: पगडी, उपरणं, थोर समाजसुधारक, दोन मार्क.

पण हा माणूस आपल्याच युनिव्हर्सिटीच्या अगदी पहिल्या बॅचचा विद्यार्थी होता. आणि कॉलेजात असताना लिहिलेल्या एका निबंधामुळे त्याची स्कॉलरशिप बंद झाली होती, हे दोन मार्कांच्या उत्तरात येत नाही.

पहिली बॅच

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानात नोकरीला, त्यामुळे लहानपण कोल्हापुरात गेलं. मुलगा अबोल होता, अंगानं थोराड. हा पुढे काही करून दाखवेल असं घरातल्यांनाही वाटत नव्हतं म्हणतात. कोल्हापुरातलं इंग्रजी शिक्षण संपल्यावर तो मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आला.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि १८५९ साली पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. शंभराहून जास्त मुलं बसली, त्यातली वीस-बावीस पास झाली. त्यात रानडे होते. १८६२ला पहिले बी.ए. बाहेर पडले ते फक्त चार जण: रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आज कॉन्व्होकेशनला किती गर्दी असते ते आठवा आणि मग या चौघांचा विचार करा. पुढे रानड्यांनी १८६४ला एम.ए. केलं आणि मग कायद्याची पदवी घेतली.

वाचन अफाट होतं. परीक्षेसाठी लागतं त्याच्या कितीतरी पट ते वाचत. त्यात डोळे गेले. पूर्ण नाही, पण आयुष्यभर त्रास देतील इतके. नंतर कित्येक वर्षं ते दुसऱ्याकडून वाचून घेत. कधी एखादा विद्यार्थी वाचून दाखवी, तर कधी पत्नी रमाबाई.

निबंध

एल्फिन्स्टनचे प्रिन्सिपल होते सर अलेक्झांडर ग्रँट. विद्वान माणूस, रानड्यांवर त्यांचा जीव. हा मुलगा किती हुशार आहे ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. रानड्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलेली हकीकत अशी की, एका निबंधात रानड्यांनी मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना केली आणि मराठ्यांच्या बाजूनं कौल दिला. ग्रँटसाहेबांनी बोलावून घेतलं. जे सरकार तुला शिकवतंय, तुझ्या देशासाठी एवढं करतंय, त्याच्यावरच टीका करतोस, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आणि सहा महिने स्कॉलरशिप बंद.

आता यात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे काळ. १८५७चं बंड होऊन पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. अशा वेळी सरकारी कॉलेजात बसून हे लिहिणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे रानड्यांच्या हातात तेव्हा पुरावा काय होता? फारसा नाही. मराठ्यांचा इतिहास म्हणून जे पुस्तक सगळे वाचत ते जेम्स ग्रँट डफ यांचं, तीन खंडांचं, १८२६ साली छापलेलं. डफ हा कंपनीचा लष्करी अधिकारी, पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला रेसिडेंट म्हणून नेमलेला. त्यानं कागदपत्रं गोळा केली, मेहनत केली, हे रानडेही नाकारत नव्हते. पण त्याच्या मांडणीत मराठ्यांचा उदय म्हणजे सह्याद्रीतल्या वाळलेल्या गवताला अचानक लागलेला वणवा. ठिणगी पडली, भडका उडाला, संपलं. त्यामागे काही विचार होता, समाजात काही घडत होतं, याचा पत्ता नाही.

रानड्यांचा निबंध म्हणजे या मांडणीवरची तरुण वयातली चीड होती. चीड खरी होती, पण ती सिद्ध कशी करायची? प्रिन्सिपलनं शिक्षा दिली, उत्तर दिलं नाही. आणि रानड्यांकडेही अजून पूर्ण उत्तर नव्हतं. ते मिळवायला त्यांना जवळपास चाळीस वर्षं लागली.

सनद होती, वकिली नाही

शिक्षण संपल्यावर रानड्यांनी बऱ्याच नोकऱ्या केल्या. सरकारी भाषांतरकार, अक्कलकोट संस्थानात कारभारी, कोल्हापूरला न्यायाधीश, मग एल्फिन्स्टनमध्येच इंग्रजीचे प्रोफेसर. ज्या कॉलेजात स्कॉलरशिप बंद झाली, तिथेच ते शिकवायला उभे राहिले.

१८७१ साली ते अॅडव्होकेटची परीक्षा पास झाले. म्हणजे मुंबई हायकोर्टात वकिली करायचा रस्ता मोकळा. त्या काळी चांगल्या अॅडव्होकेटला पैसा किती मिळायचा ते सांगायला नको. शिवाय वकील स्वतःचा मालक असतो. काय बोलावं, कुठल्या सभेला जावं, हे त्याला कुणी विचारत नाही. रानड्यांनी हा रस्ता घेतला नाही. त्याच वर्षी ते पुण्याला सबॉर्डिनेट जज्ज म्हणून गेले. सरकारी नोकर झाले.

पुढची तीस वर्षं त्यांच्या आयुष्यातली सगळी ओढाताण या एका निर्णयातून आली. सरकारी नोकरानं राजकारण करायचं नाही, हा नियम. आणि रानडे तर सकाळ-संध्याकाळ देशाचाच विचार करत होते. मग त्यांनी काय केलं? कोर्टाची वेळ कोर्टाला दिली, उरलेली वेळ पुण्याला.

पडद्यामागचा माणूस

१८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा सुरू झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण. रानडे आले आणि सभेला मेंदू मिळाला. दुष्काळ पडला तर सभेची माणसं गावोगाव पाठवायची, किती पेरलं, किती उगवलं, सारा किती, कर्ज किती हे लिहून आणायचं, आणि सरकारपुढे आकड्यांत मांडायचं. तक्रार नुसती करायची नाही, पुराव्यानिशी करायची, ही शिस्त रानड्यांची. १८७६-७७च्या दुष्काळात या कामाचा सरकारला बराच त्रास झाला. १८७८पासून सभेचं इंग्रजी त्रैमासिक निघू लागलं. त्यातले बरेचसे लेख रानड्यांचे, पण त्यावर नाव नाही. सरकारी नोकर ना!

याच वर्षांत पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. १८७८ साली लोकहितवादी आणि रानडे यांनी मराठी ग्रंथकारांना एकत्र बोलावलं. आजच्या साहित्य संमेलनाची सुरुवात तिथली. पुढे १८८४ला मुलींची हुजूरपागा शाळा उभी राहिली, त्यातही रानडे होते. हे सगळं एका जज्जाच्या फावल्या वेळात चाललेलं.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. १८७८ साली रानड्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड झालं. मे १८७९मध्ये पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आग लागली. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांना पुण्याच्या ब्राह्मणांचा आधीपासूनच संशय होता. या सगळ्याच्या मागे डोकं कुणाचं, असा प्रश्न सरकारदरबारी आला की रानड्यांचं नाव पुढे येई. त्यांना आणखी लांब धुळ्याला पाठवलं गेलं.

धुळ्याचं टपाल

धुळ्यात काय चाललं होतं ते रमाबाईंनी लिहून ठेवलंय. त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली आलं. मराठीतल्या सुरुवातीच्या स्त्री-आत्मचरित्रांमध्ये त्याचं नाव घेतात आणि ते आजही सरळ वाचता येतं, डिक्शनरी लागत नाही. रानड्यांचं टपाल तेव्हा फोडून वाचलं जाई. बंडवाल्यांच्या नावानं पत्रंही येत. ती खरी की कुणी मुद्दाम लावलेला सापळा, कळायला मार्ग नाही. रानडे अशी पत्रं सरळ पोलिसांकडे पाठवून देत.

आज आपण मेसेज कुणी वाचेल म्हणून सेटिंग बदलतो. रानड्यांनी बदलण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं. सभेचं काम कायद्याच्या चौकटीतलं, लेख आकड्यांनी भरलेले, पत्रं उघडी वाचली तरी हरकत नसलेली. त्यांचा मार्गच असा होता की लपवावं लागू नये. काही महिन्यांनी संशय निवळला. १८८१ला ते काही काळ मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट होते, मग पुन्हा पुण्याकडे.

इथे एक प्रश्न तुमच्या मनात येईल, तो तेव्हाही लोकांच्या मनात होता. एवढा अपमान झाल्यावर राजीनामा का नाही दिला? वकिलीची सनद हाताशी होतीच की. रानड्यांची बाजू अशी मांडता येते की, राज्य चालतं कसं हे त्यांना आतून बघायचं होतं आणि बदलायचं तर तेही आतून. विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. नोकरीमुळे अनेक ठिकाणी त्यांना एक पाऊल मागे राहावं लागलं. १८८५च्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, ७२ प्रतिनिधी जमले. रानडे तिथे होते, पण प्रतिनिधी म्हणून नाही. ज्या संस्थेचा पाया घालायला त्यांनी पंधरा वर्षं मेहनत केली, तिच्या यादीत त्यांचं नाव नाही.

घरातली परीक्षा

रानड्यांबद्दल लिहायचं आणि ही गोष्ट टाळायची, असं करता येत नाही. ते विधवाविवाहाच्या चळवळीत तरुणपणापासून होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे. आता हे विधवेशी लग्न करतील, असं मित्रांना वाटलं आणि वडिलांना तीच भीती वाटली. वडिलांनी घाईनं मुलगी ठरवली. थोड्याच दिवसांत रानड्यांचं लग्न झालं, ११ वर्षांच्या मुलीशी. त्याच रमाबाई.

वडिलांचा शब्द मोडवला नाही, हे कारण. विरोधकांनी टर उडवली, मित्र दुखावले. आजही हे वाचताना घास अडकतो, आणि अडकायलाच हवा. रानड्यांनी नंतर रमाबाईंना शिकवलं. घरातल्या बायकांचा विरोध होता, त्या इंग्रजी शिकतात म्हणून टोमणे मारले जात. त्याच रमाबाई पुढे सभांमध्ये बोलल्या आणि सेवासदनासारखी संस्था त्यांनी नावारूपाला आणली. पण म्हणून १८७३चं वर्ष पुसलं जात नाही. त्यांच्या पुस्तकाची ताकद हीच की त्यात नवऱ्याबद्दल अपार आदर आहे आणि तरी त्या घरात एका लहान मुलीला काय सोसावं लागलं तेही आहे.

१८९०ला पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याचं प्रकरण गाजलं. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा, म्हणजे धर्म बुडाला, असा गवगवा झाला. चौकशी बसली, बहिष्काराची भाषा झाली. शेवटी रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. पुन्हा तेच. माणसं तुटू नयेत म्हणून स्वतः वाकायचं. त्यांच्या बाजूच्या लोकांनाही हे पटलं नाही.

फुल्यांचं उत्तर

याच काळात पुण्यात आणखी एक माणूस होता, जोतीराव फुले. दोघांची ओळख चांगली. १८७५ला स्वामी दयानंदांची पुण्यात मिरवणूक निघाली आणि विरोधकांनी चिखलफेक केली, तेव्हा दोघंही त्या मिरवणुकीत होते. पण १८८५ला रानड्यांनी ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण दिलं तेव्हा फुल्यांनी यायला नकार दिला. जे लोक इतर माणसांचे माणूस म्हणून असलेले हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या सभा आणि त्यांची पुस्तकं आमच्या काय कामाची, हा त्यांच्या पत्राचा सवाल होता.

हा सवाल रानड्यांच्या इतिहासलेखनालाही लागू होतो. फुल्यांनी १८६९ सालीच शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला होता. त्यात महाराज शेतकऱ्यांचे, शूद्रातिशूद्रांचे राजे आहेत. मराठ्यांचं राज्य मोठं होतं, हे म्हणायला सोपं. पण ते राज्य कुणाचं होतं? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय ग्रँट डफला उत्तर पूर्ण होत नव्हतं.

गावं बघितलेला इतिहासकार

१८७५ला पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, गहाणखतं आणि कर्जाचे कागद जाळले. त्यानंतर १८७९ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांत तो लागू होता. या कायद्याखालचे खटले तपासायला रानडे आधी सहायक म्हणून आणि १८८७पासून स्पेशल जज्ज म्हणून गावोगाव फिरले. तालुक्याची कोर्टं बघायची, निकाल तपासायचे, शेतकऱ्याला न्याय मिळाला का ते बघायचं.

मधल्या काळात ते मुंबईच्या कायदेमंडळात होते. १८८६ला हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची तपासणी करणाऱ्या समितीवर होते. म्हणजे राज्याचा हिशेब वरून कसा दिसतो आणि गावात तो कसा उतरतो, दोन्ही टोकं त्यांनी बघितली. इतिहासकाराला अशी संधी क्वचित मिळते. सारा कसा वसूल होतो, वतनदार काय करतो, किल्ल्याखालच्या गावाला सरकार म्हणजे काय वाटतं, हे प्रश्न त्यांच्यासाठी नुसते पुस्तकी नव्हते.

१ सप्टेंबर १८९३ला हायकोर्टाचे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले, वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी. त्यांच्या जागी रानडे आले आणि पुण्याहून मुंबईला राहायला आले. तेलंगांनाही मराठ्यांच्या बखरींचा नाद होता आणि त्यावर त्यांनी एक मोठा निबंध लिहिला होता. रानड्यांनी पुढे तो आपल्या पुस्तकात शेवटी जोडला.

पुण्यात मात्र वारं फिरलं होतं. १८९५ला सार्वजनिक सभा टिळकांच्या बाजूकडे गेली. त्याच वर्षी काँग्रेसच्या मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरवायची की नाही यावरून एवढा वाद झाला की रानड्यांनीच माघार घेतली आणि परिषद दुसरीकडे भरवली. पुढच्या वर्षी त्यांनी आणि गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. ज्या सभेला त्यांनी २५ वर्षं दिली, ती हातची गेली होती. पन्नाशी उलटली होती, डोळे कामाचे नव्हते, हायकोर्टाचं काम अंगावर. आणि नेमक्या याच वर्षांत ते कॉलेजातल्या त्या प्रश्नाकडे परत वळले.

उत्तर

१९०० साली ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ छापून आलं. नाव मोठं, पुस्तक तसं आटोपशीर. डफच्या तीन खंडांपुढे तर लहानच. त्यात लढायांची जंत्री नाही. रानड्यांनी विचारलेला प्रश्न साधा आहे: हे घडलं का?

त्यांचं पहिलं म्हणणं, हा वणवा नव्हता, हे झाड होतं. प्रकरणांची नावंसुद्धा तशीच आहेत. जमीन कशी तयार झाली, बी कसं पेरलं गेलं, ते कसं वाढलं, फुललं, फळलं. वणव्याला कारण लागत नाही, ठिणगी पुरते. झाडाला माती लागते आणि वेळ लागतो. शिवाजी महाराजांच्या आधीची दोन-तीनशे वर्षं रानड्यांनी माती म्हणून मोजली.

दुसरं म्हणणं संतांबद्दल. पुस्तकात एक अख्खं प्रकरण संतांवर आहे. राजकीय इतिहासाच्या पुस्तकात संत कशाला, असं तेव्हाच्या वाचकाला वाटलं असेल. रानड्यांचा मुद्दा असा की, शिंपी नामदेव, कुंभार गोरोबा, माळी सावता, महार चोखामेळा, दासी जनाबाई, वाणी तुकाराम, अशी सगळ्या जातींतली माणसं एका भाषेत बोलू लागली, एका वाटेनं पंढरपूरला जाऊ लागली, तेव्हा एक समाज तयार झाला. राज्य नंतर आलं. युरोपात धर्मसुधारणेनंतर जे घडलं त्याच्याशी त्यांनी याची तुलना केली. राज्य कुणाचं होतं, या प्रश्नाला हे त्यांचं उत्तर. फुल्यांचं यानं समाधान झालं असतं असं नाही. पण मराठ्यांच्या राज्याचं श्रेय रानड्यांनी एका जातीच्या खात्यावर टाकलं नाही, हे खरं.

तिसरा मुद्दा कारभाराचा. शिवाजी महाराजांचं वर्णन करताना रानडे तलवारीपेक्षा व्यवस्थेवर जास्त थांबतात. अष्टप्रधान. नोकरी वंशपरंपरेनं नाही. पगार जहागिरीत नाही, रोख. किल्ल्यावर तीन वेगवेगळ्या जातींचे तीन अधिकारी, म्हणजे एकाच्या हातात सगळं नको. जज्जाची नजर आहे ही. तीस वर्षं सरकारी यंत्रणेत काढलेल्या माणसालाच हे इतकं बारकाईनं दिसतं.

आणि सगळ्यात मजबूत पुरावा जिंजीचा. १६८९ला संभाजी महाराजांना औरंगजेबानं मारलं. रायगड गेला. राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. राजधानी नाही, खजिना नाही, राजा लांब. मराठ्यांचं राज्य एका माणसाच्या नशिबावर उभं असतं तर ते तिथेच संपलं असतं. पण लढाई थांबली नाही. १७०७ला औरंगजेब दख्खनमध्येच मेला, तोपर्यंत चाललीच. रानड्यांचं म्हणणं, इथे बघा. ठिणगी विझल्यावर वणवा विझतो. हे विझलं नाही, म्हणजे हे दुसरंच काहीतरी होतं.

एवढ्यावर थांबले असते तर ते पुस्तक अभिमानाचं पुस्तक झालं असतं. त्याच सुमारास रानडे पेशवे दप्तरातल्या रोजनिशींवर काम करत होते. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातले निवडक कागद काढले होते. १९०० साली मुंबईत एशियाटिक सोसायटीपुढे रानड्यांनी त्यावर निबंध वाचला. त्यात त्यांनी पेशवाई का बुडाली हेही सांगितलं: शिवाजी महाराजांनी घालून दिलेली पद्धत सुटली. पदं वंशपरंपरेची झाली, जहागिऱ्या वाढल्या, एका जातीचं वर्चस्व झालं आणि जातीजातींत फूट पडली. लिहिणारा माणूस स्वतः चित्पावन ब्राह्मण होता, आणि ऐकायला बसलेल्यांना तो कुणाबद्दल बोलतोय ते नक्की कळत होतं.

कॉलेजातल्या निबंधात बहुधा हे नसणार. विशीतल्या मुलाला आपलं राज्य चांगलं होतं एवढं सांगायचं होतं. साठीकडे आलेल्या माणसाला ते चांगलं का होतं आणि बिघडलं कशानं, दोन्ही सांगायचं होतं.

पुढचा भाग

पुस्तकावर वाद झालेच, आणि ते व्हायलाच हवे होते. इतिहासाचार्य राजवाड्यांना संतांबद्दलचं मत मान्य नव्हतं. त्यांच्या मते संतांच्या निवृत्तीच्या शिकवणीनं लोक पांगळे झाले आणि खरं काम रामदासांनी केलं. राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढायला सुरुवात केली होती. पुढे पेशवे दप्तर संशोधकांना खुलं झालं आणि गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्याचे ४५ खंड छापले. रानड्यांच्या हाताशी यातलं फारसं काही नव्हतं. त्यामुळे त्यांचे काही तपशील आज टिकत नाहीत. धर्मसुधारणेशी केलेली तुलना ओढूनताणून वाटते, असंही अभ्यासक म्हणतात. पण राजांच्या आणि लढायांच्या पलीकडे जाऊन समाजाचा इतिहास विचारायचा असतो, हा धडा मराठी इतिहासलेखनानं त्यांच्याकडूनच घेतला.

पुस्तक पहिला भाग म्हणून लिहिलं होतं. पेशवाईचा भाग पुढे यायचा होता. १६ जानेवारी १९०१ला रानडे मुंबईत वारले, ५९वा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. टिळक आणि त्यांचं आयुष्यभर जमलं नाही, पण थंड पडलेल्या महाराष्ट्रात ऊब आणणारा माणूस गेला, अशा अर्थाचं टिळकांनीच ‘केसरी’त लिहिलं. गोखले तर त्यांना गुरूच मानत. ४२ वर्षांनी, १८ जानेवारी १९४३ला, पुण्यात रानड्यांच्या जयंतीचं भाषण द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. समाज बदलल्याशिवाय राजकीय हक्कांना अर्थ नाही, हा रानड्यांचा आग्रह त्यांना महत्त्वाचा वाटला. फुल्यांनी १८८५ला विचारलेल्या सवालाच्या जवळचंच हे ठिकाण.

दुसरा भाग कधीच आला नाही. पेशवाईच्या रोजनिशींवरचा तो एक निबंध तेवढा आहे, त्यावरून त्यांना पुढे काय म्हणायचं होतं त्याचा अंदाज येतो. ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ मात्र आज कुठल्याही बऱ्या लायब्ररीत मिळतं, मराठी अनुवादही आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर जिंजीचं प्रकरण वाचा. सहा महिन्यांची स्कॉलरशिप ज्या वाक्यासाठी गेली, त्याचा पुरावा तिथे आहे.